घरगुती आयसी ॲम्प्लिफायरमधील हम: आयसी बदलण्याआधी काय तपासावे

परभणीत माझ्या टेबलावर येणाऱ्या घरगुती ॲम्प्लिफायरांपैकी बहुतेकांची तक्रार एकच असते. गाणे नीट वाजते. पण गाणे थांबले, की स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा एकसुरी आवाज येत राहतो. त्यालाच सगळे ‘हम’ म्हणतात. घेऊन येणारे कधी आयटीआयचे विद्यार्थी असतात, कधी एखाद्या गावच्या भजनी मंडळाचे कार्यकर्ते, आणि त्यांतील पुष्कळांनी माझ्याकडे येण्यापूर्वी एक-दोनदा आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, बदललेली असते. आयसी बदलून हम गेल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. पुढील क्रम टीडीए २०३०, तिच्याच पिनरचनेच्या टीडीए २०५० व एलएम १८७५, आणि आपल्याकडे घरोघरी दिसणारी ४४४० या आयसींवरच्या ॲम्प्लिफायरांसाठी लिहिला आहे. मोठ्या आयसींचे तपशील बदलतात, तपासणीचा क्रम बदलत नाही.

आधी लक्षणे

स्क्रू उघडण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते ऐकावे. व्हॉल्यूम पूर्ण उतरवला तरी हम तेवढाच राहत असेल, तर दोष व्हॉल्यूम कंट्रोलनंतरच्या भागात, म्हणजे आयसीचा बोर्ड, वीजपुरवठा किंवा ग्राउंडची (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या सामाईक वाटेची) जोडणी यांपैकी कशात तरी आहे. व्हॉल्यूमबरोबर हम चढत असेल, तर तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधीच्या भागातून, बहुधा मोबाइल, टीव्ही किंवा त्यांच्या वायरमधून, आत येत आहे. तिसरा प्रकार अनेकांना गोंधळात टाकतो: व्हॉल्यूम शून्यावर असताना हम नाही, पूर्ण चढवल्यावरही फारसा नाही, पण मध्ये कुठेतरी तो सर्वांत जास्त असतो. हा व्हॉल्यूम कंट्रोलपासून बोर्डापर्यंत गेलेल्या साध्या, शिल्ड (आतल्या तारेभोवतीची धातूची जाळी) नसलेल्या वायरचा दोष असतो, कारण कंट्रोल मधोमध असताना त्या वायरला मागून मिळणारा आधार सर्वांत कमकुवत असतो. ५० किलोओहमच्या कंट्रोलच्या विद्युत मध्यावर वायरच्या मागचा रोध साडेबारा किलोओहम भरतो, आणि अशी वायर आसपासची वीज सहज टिपते.

दुसरी खूण स्वराची. आपली घरची वीज ५० हर्ट्‌झची आहे, आणि एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून गेल्यावर तिची लहर १०० हर्ट्‌झची होते. भजनी मंडळातील पेटीवाले हे माझ्यापेक्षा लवकर ओळखतात. पांढरी पाचचा स्वर खालच्या सप्तकांत ४९ आणि ९८ हर्ट्‌झवर पडतो. म्हणून दोन्ही हम पांढरी पाचच्या किंचित वर लागतात, फक्त एक दुसऱ्याच्या सप्तकभर खाली असतो. खालचा, मऊ स्वर हवेतून किंवा तुटलेल्या शिल्डमधून शिरलेल्या विजेचा असतो. वरचा, थोडा खरखरीत स्वर रेक्टिफायर, त्यामागे लहर सपाट करणारे फिल्टर कंडेन्सर आणि ग्राउंड यांच्याकडे बोट दाखवतो. लहान चार इंची स्पीकरमध्ये ५० हर्ट्‌झ जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून ही परीक्षा मोठ्या स्पीकरवर करावी.

तिसरी खूण हाताची. डब्याच्या धातूला किंवा व्हॉल्यूमच्या दांडीला बोट लावल्यावर हम कमी होत असेल, तर तो धातू ग्राउंडला जोडलेला नाही. इनपुटच्या मोकळ्या पिनला बोट लावल्यावर मोठा घूं येणे हा मात्र दोष नाही. आपले शरीर खोलीतील वीज टिपते आणि ॲम्प्लिफायर ती इमानाने मोठी करून ऐकवतो. इनपुट मोकळे ठेवून, त्यातून येणाऱ्या आवाजाला ‘हम’ समजून ॲम्प्लिफायर परत आणणारेही भेटतात.

डबा उघडण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून काढावा, नुसते बटण बंद करून थांबू नये, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेले असू शकते. त्यानंतर फिल्टर कंडेन्सर १०० ओहम, ५ वॉटच्या रेझिस्टन्समधून रिकामे करावेत. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची सवय कंडेन्सरलाही बरी नाही आणि डोळ्यांनाही नाही.

पहिली तपासणी: इनपुट शॉर्ट करून पाहणे

हिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. एका आरसीए पिनमध्ये (ॲम्प्लिफायरच्या इनपुटला बसणाऱ्या गोल पिनमध्ये) मधला आणि बाहेरचा भाग सोल्डरने जोडून ‘शॉर्ट पिन’ करावी, ती इनपुटला लावावी आणि व्हॉल्यूम मध्यावर ठेवावा. हम नाहीसा झाला, तर ॲम्प्लिफायर निर्दोष आहे असे धरून पुढचा शोध वायर आणि मोबाइल-टीव्हीच्या बाजूला घ्यावा. हम राहिला, तर शोध डब्याच्या आत घ्यायचा. एवढ्या एका पिनने अर्धे काम संपते, आणि तरीही आमच्याकडे येणाऱ्यांपैकी ही परीक्षा करून आलेला माणूस मला वर्षात एखादाच दिसतो. स्टीरिओ असेल तर दोन्ही इनपुटांना पिन लावावी. एकाला लावून दुसरे मोकळे ठेवले, तर निष्कर्ष चुकतो.

मोबाइल, टीव्ही आणि ब्लूटूथ पॅनेल

शॉर्ट पिनने हम गेला असेल, तर मोबाइलचा चार्जर काढून तो नुसत्या बॅटरीवर वाजवून पाहावा. मोबाइलच्या दोन पिनांच्या चार्जरमध्ये मुख्य विजेची बाजू आणि पाच व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कंडेन्सर असतो, आणि त्यातून अतिशय अल्प प्रमाणात वीज मोबाइलच्या ग्राउंडवर येत राहते. ती ऑक्स वायरच्या (मोबाइल ॲम्प्लिफायरला जोडणाऱ्या वायरच्या) शिल्डमधून ॲम्प्लिफायरकडे वाहते आणि ऐकू येते. यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. कार्यक्रमाच्या वेळी चार्जर काढून ठेवणे किंवा पॉवर बँक वापरणे एवढेच पुरते.

टीव्हीच्या बाबतीत सेट-टॉप बॉक्सची केबल आधी काढावी. केबलचे शिल्ड कुठल्या तरी खांबावर किंवा दुसऱ्या घरात जोडलेले असते, तुमच्या घराचे अर्थिंग वेगळे असते, आणि या दोन ठिकाणांतील फरकाचा प्रवाह तुमच्या ऑक्स वायरच्या शिल्डमधून वाहतो. केबल काढताच हम थांबला तर कारण सापडले. उपाय म्हणून टीव्ही आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. तो दोन्ही बाजूंचे ग्राउंड तोडतो आणि आवाज तेवढा पलीकडे जाऊ देतो.

ब्लूटूथ, यूएसबी आणि एफएम असलेले छोटे पॅनेल हल्ली प्रत्येक डब्यावर बसते आणि तक्रारही घेऊन येते. त्याचा आवाज घूं नसून ‘चीं’ किंवा ‘किर्र’ असा असतो, आणि ब्लूटूथ जोडले जाताना तो बदलतो. पॅनेलची वीज ॲम्प्लिफायरच्याच पुरवठ्यातून घेतलेली असते आणि त्याचे ऑडिओ ग्राउंडही बोर्डालाच जोडलेले असते. म्हणजे एकाच ग्राउंडच्या दोन वाटा तयार होतात, आणि पॅनेलच्या डिजिटल भागाचा प्रवाह ऑडिओच्या वाटेनेही परतू लागतो. पॅनेलला क्षणभर पॉवर बँकेवर चालवून पाहावे. आवाज लगेच स्वच्छ झाला, तर पॅनेलसाठी पाच व्होल्टचा आयसोलेटेड (दोन्ही बाजूंचे ग्राउंड वेगळे ठेवणारा) डीसी-डीसी कन्व्हर्टर किंवा वेगळा छोटा पुरवठा द्यावा. सात-आठ जणांनी याच दोषासाठी ७८०५ (पॅनेलला पाच व्होल्ट देणारी आयसी) बदलून पाहिल्याचे मला आठवते. ७८०५ चा त्यात काहीच अपराध नव्हता.

वायर आणि व्हॉल्यूम कंट्रोल

ऑक्स वायर बहुधा ३.५ मिलिमीटरच्या पिनपाशीच तुटते, आणि आतला तार शाबूत राहून शिल्ड तेवढे तुटले, की गाणे बारीक आणि हम मोठा असा प्रकार होतो. मल्टिमीटर बझरवर ठेवून दोन्ही टोकांच्या बाहेरच्या भागांत सलगता पाहावी आणि पाहताना वायर हलवावी, कारण न हलवता ती जोडलेली दाखवते. डब्याच्या आत इनपुट जॅकपासून कंट्रोलपर्यंत आणि कंट्रोलपासून बोर्डापर्यंत शिल्डवायरच असावी. तिचे शिल्ड कंट्रोलच्या ग्राउंड पिनवर पक्के असलेच पाहिजे.

कंट्रोलचे धातूचे अंग ग्राउंडला जोडावे. त्यासाठी अंगावर सोल्डर लागत नसेल, तर ती जागा सँडपेपरने घासून घ्यावी; किंवा धातूच्या पुढच्या पत्र्यावर कंट्रोल नटाने घट्ट बसवून तो पत्राच ग्राउंडला जोडावा. जालन्याकडच्या एका मंडळाचा डबा अगदी एवढ्याच कारणासाठी आला होता: लाकडी डबा, पुढे प्लॅस्टिकची पट्टी, आणि गायकाने व्हॉल्यूमवर बोट ठेवले की हम गायब. त्यांनी तीन वर्षे एका माणसाला बोट ठेवून बसवले होते, असे ते हसत सांगत होते. पाच इंच वायरने काम झाले.

ट्रान्सफॉर्मरची जागा

शॉर्ट पिन लावूनही खालच्या सप्तकातला हम राहत असेल, तर ट्रान्सफॉर्मर संशयित आहे. साध्या पत्र्यांच्या ट्रान्सफॉर्मरभोवती चुंबकीय क्षेत्र पसरते, आणि ते इनपुटच्या वायरच्या वेटोळ्यात व्होल्टेज निर्माण करते. वीज बंद करून ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढावेत, त्याला ९० अंशांत फिरवून ठेवावे, पुन्हा वीज देऊन ऐकावे. चालू असताना तो हातात धरून फिरवू नये. फरक पडला तर त्याच दिशेत कायम करावा आणि बोर्डापासून किमान १५ सेंटिमीटर दूर न्यावा. डब्यात तेवढी जागा नसेल तर डबा चुकला आहे, ॲम्प्लिफायर नाही. टोरॉइडल (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र पुष्कळ कमी पसरते, पण नुसत्या हमसाठी तो विकत घेण्याची वेळ फार उशिरा येते.

ग्राउंड: जिथे बहुतेक हम जन्मतो

इथे थोडे थांबून समजून घेतले पाहिजे, कारण आयसी बदलण्याची चूक याच अज्ञानातून होते. पुरवठ्याच्या अधिक किंवा उणे लाइनवर थोडी लहर (डीसीवर उरलेला चढउतार) असली, तरी आयसी आपल्या रचनेमुळे तिचा बराचसा भाग दाबून टाकते. पण तीच लहर इनपुटच्या ग्राउंडवर आली, तर आयसीच्या दृष्टीने ते गाणेच असते, आणि ती ते पूर्ण ताकदीने मोठे करते.

आकड्यांनी पाहू. फिल्टर कंडेन्सर सतत भरत नाहीत. लहरीच्या शिखरावर अगदी थोडा वेळ, सेकंदाला १०० वेळा, ते एकदम प्रवाह ओढतात. ॲम्प्लिफायर सरासरी एक अँपिअर घेत असला, तरी हे झटके पाच अँपिअर किंवा त्याहून मोठे असतात. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ३० सेंटिमीटर वायरचा रोध साधारण दहा मिलिओहम असतो. पाच अँपिअरने त्यावर ५० मिलिव्होल्ट पडतात. टीडीए २०३० च्या नेहमीच्या जोडणीत २२ किलोओहम आणि ६८० ओहमचे रेझिस्टन्स असतात, म्हणजे वर्धन सुमारे ३३ पट. ते ५० मिलिव्होल्ट इनपुटच्या ग्राउंडमध्ये मिसळले, तर स्पीकरवर दीड व्होल्टपेक्षा जास्त हम निघतो. आणि ती वायर जाड, नवी, नीट सोल्डर केलेली असते. मल्टिमीटरने पाहिली तर ‘शॉर्ट’ दाखवते. म्हणूनच दोष दिसत नाही.

नेमकी चूक बहुधा अशी असते. ट्रान्सफॉर्मरच्या १२-०-१२ (मध्ये शून्य, दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट) मधील शून्याची वायर आधी बोर्डाला येते, तिथून पुढे कंडेन्सरला जाते, आणि इनपुटचे शिल्ड त्या वाटेवर मध्येच कुठेतरी सोल्डर केलेले असते, कारण ती जागा जवळ होती. भरणाऱ्या प्रवाहाचे सगळे झटके मग शिल्डच्या पायाखालून जातात.

उपाय असा. शून्याची वायर थेट दोन फिल्टर कंडेन्सरांच्या जोडावर यावी, दुसरीकडे कुठेही न थांबता. त्या जोडावरून एक आखूड, जाड वायर काढून एका बिंदूवर न्यावी. आयसीचे पॉवर ग्राउंड, स्पीकरची परतीची वायर आणि इनपुटचे ग्राउंड या बिंदूवर प्रत्येकी स्वतंत्र वायरने यावेत. एकाची वायर दुसऱ्याच्या वाटेत जोडू नये. डब्याचा धातू ग्राउंडला फक्त याच बिंदूवरून जोडावा, आणि इनपुट जॅक प्लॅस्टिकच्या वॉशरने धातूपासून अलग ठेवावेत, नाहीतर जॅकच्या नटामधून दुसरी वाट तयार होते. स्टीरिओत दोन्ही इनपुटांची शिल्डे एकमेकांना एकाच ठिकाणी भेटावीत. एवढे करूनही थोडा हम उरला, तर इनपुटचे ग्राउंड मुख्य बिंदूला १० ओहमच्या रेझिस्टन्समधून जोडून पाहावे. संकेताला या १० ओहमचा काही अडथळा होत नाही, पण वळसा घालून फिरणारा प्रवाह त्याने बराच रोखला जातो.

४४४० वापरणाऱ्यांनी तिच्या पिनांकडे लक्ष द्यावे. तिच्या आतील पूर्वभागाचे ग्राउंड तिसऱ्या पिनवर, आणि स्पीकरच्या मोठ्या प्रवाहाचे ग्राउंड आठव्या व चौदाव्या पिनवर आहे. घरी कोरलेल्या बोर्डावर सोयीसाठी या तिन्ही पिनांना एकाच लांब पट्टीवर घेतात आणि पुरवठ्याचे ग्राउंड पट्टीच्या दुसऱ्या टोकाला देतात. पट्टी कापून तिसरी पिन स्वतंत्र वायरने कंडेन्सरपाशी नेली, की पुष्कळदा दहा मिनिटांत काम होते.

वर सांगितलेला मुख्य बिंदू आणि भिंतीतील अर्थिंग यांत गल्लत करू नये. काही जण तीन पिनांच्या प्लगची मोठी अर्थ पिन कापतात, आणि हम खरोखर कमी होतो. त्यामुळे हा उपाय तोंडोतोंडी पसरला आहे. धातूच्या डब्यात ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन उद्या गेले, तर अर्थ नसलेल्या त्या डब्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील, आणि मंडपात अनवाणी उभा असलेला गायक त्याला हात लावेल. ज्या डब्याची अर्थ पिन कापलेली आहे, तो मी ती बसवल्याशिवाय परत देत नाही.

वीजपुरवठा

इथून पुढे मल्टिमीटर आणि थोडा सराव लागतो. फिल्टर कंडेन्सर प्रत्येक लाइनवर २२०० मायक्रोफॅरडचा असेल, तर एक अँपिअर प्रवाहाला लहर सुमारे साडेचार व्होल्टची होते. ४७०० ला ती दोन व्होल्टच्या आसपास येते. गाणे नसताना मात्र दोन टीडीए २०३० मिळून १०० मिलिअँपिअरपेक्षाही कमी घेतात, म्हणून शांत अवस्थेत २२०० मायक्रोफॅरडवर मल्टिमीटरच्या एसी रेंजमध्ये साधारण ०.१ व्होल्ट दिसायला हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसत असेल, तर कंडेन्सर सुकला आहे किंवा त्यावर छापलेला आकडा खोटा आहे. काही स्वस्त मल्टिमीटर एसी रेंजमध्ये डीसीही मोजतात आणि भलताच आकडा दाखवतात. त्यासाठी लाल प्रोबच्या वाटेत ०.४७ मायक्रोफॅरडचा साधा कंडेन्सर घालून मोजावे. कंडेन्सर बदलताना १०५ अंशांचा घ्यावा. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतच ४३-४४ अंश असतात, त्यात हीट सिंकच्या शेजारी बसवलेला ८५ अंशांचा कंडेन्सर फार वर्षे टिकत नाही.

हमचा स्वर आधी वरच्या पांढरी पाचच्या जवळचा होता आणि अचानक सप्तकभर खाली उतरून मोठा झाला, तर रेक्टिफायरमधील एक डायोड उघडा पडला आहे. त्या लाइनला अर्धीच लहर मिळते आणि कंडेन्सर सेकंदाला १०० ऐवजी ५० वेळा भरतो.

व्होल्टेजची मर्यादाही इथेच पाहून घ्यावी. टीडीए २०३० ला अधिक-उणे १८ व्होल्ट ही शेवटची हद्द आहे. १२-०-१२ च्या ट्रान्सफॉर्मरमधून २३० व्होल्टला हिशेबाने १६ व्होल्टच्या आसपास मिळतात. पण जिथे घरे आणि कृषिपंप एकाच डीपीवर आहेत, तिथे पंप बंद झाल्यावर घरात २५० व्होल्ट दिसणे नवे नाही. त्या वेळी हिशेब साडेसतरा-अठरावर जातो, आणि भार नसलेला छोटा ट्रान्सफॉर्मर स्वतःच दहा टक्के तरी जास्त देतो. रात्री हरिपाठ संपल्यावर चालू राहिलेला ॲम्प्लिफायर सकाळी मेलेला सापडतो, त्याचे कारण पुष्कळदा हे असते. ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर लावावा, आवाज थोडा कमी मिळेल. किंवा जास्त व्होल्टेज सोसणारी एलएम १८७५ बसवावी.

आयसी आणि तिच्याभोवतीचे भाग

आता आयसीची पाळी, तीही बदलण्याची नव्हे, मोजण्याची. स्पीकर काढून, इनपुटला शॉर्ट पिन लावून, आउटपुटच्या चौथ्या पिनवर ग्राउंडच्या तुलनेत डीसी व्होल्टेज मोजावे. दुहेरी पुरवठ्यावर ते ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर आयसी ठीक आहे. दोन-चार व्होल्ट किंवा त्याहून जास्त असेल, तर स्पीकर पुन्हा जोडू नये, कारण त्या डीसीने स्पीकरची कॉइल जळते. पहिल्या पिनपासून ग्राउंडला जाणारा २२ किलोओहमचा रेझिस्टन्स सुटला असला तरी हेच लक्षण दिसते, म्हणून आधी तो पाहावा. एकेरी पुरवठ्यावरच्या ४४४० मध्ये आउटपुट पिनवर पुरवठ्याच्या निम्मे व्होल्टेज असणे योग्यच आहे. ते पुढच्या कंडेन्सरने अडवलेले असते.

गाणे नसताना टीडीए २०३० अधिक-उणे १५ व्होल्टवर साधारण सव्वा वॉट उष्णता देते, म्हणजे हीट सिंक कोमट लागावे. बोट ठेवता येणार नाही इतके ते तापत असेल, तर आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च कंप्रतेवर आंदोलित होत आहे. तिच्या तिसऱ्या आणि पाचव्या पिनशी अगदी लगत ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर आहेत का, आणि आउटपुटवर १ ओहम व ०.२२ मायक्रोफॅरडची जोडी आहे का, हे पाहावे. तो १ ओहम काळा पडला असेल तर दुसरा पुरावा लागत नाही.

टीडीए २०३० चा धातूचा पाठीचा भाग आतून तिसऱ्या पिनला जोडलेला असतो. दुहेरी पुरवठ्यावर तिसरी पिन म्हणजे उणे लाइन, म्हणून अभ्रकाची चकती आणि स्क्रूसाठी प्लॅस्टिकचा बुश न लावता ती डब्याच्या पत्र्यावर बसवली, तर उणे लाइन सरळ ग्राउंडला मिळते. छिद्राच्या कडेला राहिलेली ॲल्युमिनियमचे बारीक कुसळही अभ्रक भेदते. छिद्र पाडल्यावर मोठ्या ड्रिलने हाताने कड घासून घ्यावी आणि बसवल्यावर मल्टिमीटरने खात्री करावी.

एवढे सर्व बरोबर असूनही हम राहिला, तरच नवी आयसी. ती घेताना फार स्वस्त घेऊ नये. जुनी खरवडून नवे नाव छापलेल्या आयसी बाजारात आहेत, आणि त्यांच्यावर घालवलेला दिवस परत मिळत नाही. बदलल्यावर पहिली वीज सिरीज बोर्डातून (विजेच्या वाटेतच बल्ब जोडलेल्या बोर्डातून) द्यावी. त्यात ६० वॉटचा तारेचा बल्ब हवा, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर प्लग काढावा आणि शॉर्ट शोधावा.

इथे थांबावे

डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पुढील तपासणी करू नये. प्लग काढून ठेवावा आणि अनुभवी मेकॅनिककडून ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनची तपासणी करून घ्यावी. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा टाकू नये, जास्त अँपिअरचा तर मुळीच नाही. दुय्यम, म्हणजे कमी व्होल्टेजच्या, बाजूच्या सगळ्या वायरी सोडवलेला ट्रान्सफॉर्मर दहा-पंधरा मिनिटांत हात न लावण्याइतका तापत असेल किंवा वार्निशचा वास देत असेल, तर तो आतून शॉर्ट आहे. तो घरी उघडण्याची वस्तू नव्हे. प्राथमिक बाजूच्या, म्हणजे २३० व्होल्टच्या वायरींवर काम करण्याचा सराव नसेल, तर त्या कुणाकडून तरी जोडून घेण्यात कमीपणा नाही.

घराच्या वायरिंगचा दोष ॲम्प्लिफायरमध्ये शोधू नये. एक दिवा मंद होताना दुसरा जास्त उजळत असेल, व्होल्टेज अचानक चढत-उतरत असेल, किंवा न्यूट्रलच्या छिद्रात टेस्टर पेटत असेल, तर न्यूट्रल ढिला किंवा तुटलेला आहे. मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे, आणि दोष मीटरच्या आधीचा निघाला तर महावितरणला कळवावे. अर्थिंगचेही तसेच. मराठवाड्यातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थच्या इलेक्ट्रोडपासून सुटते आणि पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरते उरते. ‘हम फक्त उन्हाळ्यात येतो’ ही तक्रार मी एकाहून जास्त घरांतून ऐकली आहे. खड्ड्यात पाणी घालून पाहणे एवढे घरच्यांनी करावे. अर्थचा रोध मोजणे, नवा इलेक्ट्रोड पुरणे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवणे ही कामे वायरमनची आहेत.

ॲम्प्लिफायर मेकॅनिककडे न्यायचाच झाला, तर डब्यात एक चिठ्ठी ठेवावी: शॉर्ट पिन लावल्यावर हम राहतो की जातो, व्हॉल्यूमबरोबर तो बदलतो का, आणि शांत अवस्थेत दोन्ही लाइनवर किती व्होल्ट दिसले. सोबत तुमची ऑक्स वायर आणि चार्जरही द्यावेत. नुसता डबा आणला, तर निम्म्या वेळा तो माझ्या टेबलावर अगदी स्वच्छ वाजतो आणि घरी गेल्यावर पुन्हा घूं करू लागतो.